बहुमितीय ॲरेचा इतिहास आणि गोंदिया जिल्ह्यातील ग्रामनोंदी : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात बहुमितीय ॲरे हा विषय साधारणतः दोन-तीन तासिकांत आटोपला जातो. दोन सारण्यांची बेरीज, त्यांचा गुणाकार आणि ओळींचे स्तंभांत रूपांतर एवढे प्रात्यक्षिक झाले की विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळतो. त्यामुळे ॲरे म्हणजे समान लांबीच्या ओळींचा एक आयत, अशी धारणा त्याच्या मनात पक्की होते. वस्तुतः ॲरेचा आकार कसा असावा, हा प्रश्न प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासात अनेकदा नव्याने उपस्थित झाला असून प्रत्येक भाषेने त्याचे आपापल्या परीने उत्तर दिले आहे. जावासारख्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेने दिलेले उत्तर फोरट्रानच्या उत्तरापेक्षा मूलतः भिन्न आहे.

प्रस्तुत लेखात या उत्तरांचा ऐतिहासिक आढावा घेतला असून तो गोंदिया जिल्ह्यातील गावदप्तराच्या संदर्भात मांडला आहे. गावोगावच्या मामा तलावांमुळे, निस्तार हक्कांच्या परंपरेमुळे आणि १९९९ मधील जिल्हाविभाजनामुळे येथील नोंदींची रचना आयताकृती चौकटीत सहजासहजी बसत नाही. नोंदीच्या आकाराची निवड ही केवळ तांत्रिक सोय नसून कोणती माहिती टिकेल व कोणती पुसली जाईल हे त्या निवडीवर अवलंबून असते, हे दाखविणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

गावदप्तर : संगणकापूर्वीची बहुमितीय मांडणी

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा प्रदेश मध्य प्रांताच्या, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाच्या, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्याच्या आणि १९६० पासून महाराष्ट्राच्या महसुली व्यवस्थेत होता. ब्रिटिश अमदानीतील बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी देण्यात आली आणि प्रत्येक गावाचे दप्तर पटवाऱ्याकडे आले. या दप्तरातील खसरा म्हणजे शेतवार नोंदवही. शेताचा क्रमांक, क्षेत्र, कब्जेदार, हंगामवार पीक अशा रकान्यांत ती भरली जाई. जमाबंदीत कुळे व त्यांचा सारा यांची नोंद असे.

या कागदांकडे आजच्या परिभाषेत पाहिल्यास ती एक बहुमितीय मांडणी होती असे म्हणणे वावगे ठरणार नाही. एका पिकाच्या नोंदीपर्यंत पोहोचण्यास गाव, खसरा क्रमांक, वर्ष आणि हंगाम असे चार निर्देशांक लागत. मात्र या चार मितींचे स्वरूप सारखे नव्हते. हंगाम खरीप आणि रब्बी असे ठरलेले होते. खसरा क्रमांकांची संख्या मात्र गावागणिक बदलत असे. एखाद्या लहान रिठी गावाचे दप्तर काही पानांत संपे, तर मोठ्या गावाचे अनेक वह्यांत पसरे. पटवाऱ्याने सर्व गावांसाठी समान जाडीच्या वह्या कधीच बांधल्या नाहीत. ज्या गावास जितकी पाने लागत तितकीच तो बांधीत असे.

याच दप्तरात वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद असे. गावचे रिवाज, तलावाच्या पाण्याचा वापर, मासेमारी, वाट यांसंबंधीचे हक्क त्यात लिहिले जात. निस्तारपत्रकात चराई, जळण, इमारती लाकूड यांची तजवीज असे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांना स्थान दिले आहे. खसऱ्याप्रमाणे या कागदांना ठरीव रकाने पुरत नाहीत, कारण एका गावचा रिवाज दुसऱ्या गावात असेलच असे नाही.

तलावांची स्थितीही अशीच आहे. कोहळी समाजाच्या तलावबांधणीच्या कौशल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या परिसरात नवेगावबांधसारखा विस्तीर्ण जलाशय आहे आणि खेड्यातील दोन-चार बांध्यांना पाणी देणारी बोडीही आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर १९५१ मध्ये हे तलाव शासनाकडे आले आणि माजी मालगुजारी, अर्थात मामा तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले. एखाद्या गावात असे अनेक तलाव आहेत, तर एखाद्यात एकही नाही. गावांची ओळ आणि तलावांचा स्तंभ अशी यादी केल्यास तिच्या ओळी समान लांबीच्या होत नाहीत.

सलग ठोकळा : फोरट्रान ते सी

प्रोग्रॅमिंग भाषांतील ॲरेचा जन्म मात्र गावदप्तरातून नव्हे, तर गणिताच्या सारणीतून झाला. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये तयार झालेली फोरट्रान भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाली. तिच्यात तीन मितींपर्यंतचे ॲरे वापरता येत. शास्त्रज्ञ व अभियंते यांची समीकरणे सोडविणे हा भाषेचा उद्देश असल्याने सारणी आयताकृती असणे गृहीतच होते. असा ॲरे स्मृतीत एकाच सलग ठोकळ्याच्या रूपाने साठविला जाई आणि कोणत्याही घराचा पत्ता गुणाकार व बेरजेने काढता येई.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गोंदिया जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. आठ तालुक्यांच्या बारा महिन्यांच्या पावसाची नोंद ८ गुणिले १२ अशा ९६ घरांच्या ॲरेत ठेवता येते. मोजणी शून्यापासून धरल्यास तालुका क्रमांक ३ आणि महिना क्रमांक ५ यांचे घर, ओळीनुसार साठवण असेल तर ३ गुणिले १२ अधिक ५, म्हणजे ४१ व्या स्थानी येते. स्तंभानुसार साठवण असेल तर ५ गुणिले ८ अधिक ३, म्हणजे ४३ व्या स्थानी येते. फोरट्रानने स्तंभानुसार पद्धत स्वीकारली, तर १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेने ओळीनुसार पद्धत स्वीकारली.

भारतात संगणनाचा आरंभ याच काळातला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनविलेला टिफ्रॅक संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला, तर १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. या पिढीतील भारतीय वैज्ञानिकांचा ॲरेशी परिचय मुख्यतः फोरट्रानमधून झाला. सारणीच्या गुणाकाराचे प्रात्यक्षिक आजही अभ्यासक्रमात पहिल्या स्थानी आहे, त्याचे मूळ या परंपरेत शोधता येते.

सलग ठोकळ्याचा फायदा वेगाचा होता. त्याची मर्यादा अशी की, सर्व ओळींची लांबी सारखी ठेवावी लागे. शिवाय सी भाषेत निर्देशांक मर्यादेत आहे किंवा नाही हे तपासण्याची सोय नव्हती. ॲरे हा स्वतःची लांबी जाणणारा घटक नसून स्मृतीतील एका जागेचा आरंभबिंदू एवढेच त्याचे स्वरूप उरे.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा आणि ॲरेचे बदललेले स्थान

ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचाराची पायाभरणी ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेद्वारे केली. मात्र सिम्युलाचे ॲरे अल्गोल ६० या भाषेच्या वळणाचेच राहिले. माहिती आणि तिच्यावरील क्रिया यांना एका ऑब्जेक्टमध्ये बांधण्याची कल्पना आली, पण ॲरे त्या कल्पनेच्या बाहेर राहिला. पुढे ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषा घडविली. तिच्यात सर्व काही ऑब्जेक्ट असल्याने ॲरेही ऑब्जेक्ट झाला. ॲरेच्या घरात दुसरा ॲरे ठेवून दुसरी मिती मिळविणे तेथे स्वाभाविक ठरले.

ब्यार्ने स्त्रूस्त्रूप यांची सी प्लस प्लस भाषा १९८५ मध्ये बाजारात आली. तिने सीचे ॲरे जसेच्या तसे ठेवले आणि अधिक सुरक्षित रचना हवी असल्यास प्रोग्रॅमरने स्वतः क्लास लिहावा, अशी मोकळीक दिली. १९९८ च्या प्रमाणीकरणात व्हेक्टर हा प्रमाणित प्रकार आला. बहुमितीय दृश्याची प्रमाणित सोय मात्र २०२३ च्या आवृत्तीपर्यंत आली नाही. सुमारे चार दशके हा प्रश्न रेंगाळला, यावरून तो वाटतो तितका किरकोळ नाही हे दिसून येते.

जावाचा निर्णय

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली जावा मे १९९५ मध्ये जाहीर झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती उपलब्ध झाली. जावात प्रत्येक ॲरे हा ऑब्जेक्ट आहे. तो आपली लांबी स्वतःजवळ बाळगतो आणि निर्देशांक मर्यादेबाहेर गेल्यास अपवाद उपस्थित करतो. परंतु जावात खऱ्या अर्थाने बहुमितीय ॲरे नाहीच. ज्याला द्विमितीय ॲरे म्हटले जाते तो ॲरेंचा ॲरे असतो. बाहेरच्या ॲरेतील प्रत्येक घरात एका स्वतंत्र ओळीचा संदर्भ असतो आणि त्या ओळी भिन्न लांबीच्या असू शकतात.

गावदप्तराच्या दृष्टीने ही रचना ओळखीची वाटते. समजा, आठ तालुक्यांपैकी सर्वांत मोठ्या तालुक्यात १५० गावे आहेत. आयताकृती ॲरे केल्यास ८ गुणिले १५०, म्हणजे १२०० घरे राखावी लागतील आणि लहान तालुक्यांतील अनेक घरे रिकामी राहतील. जावात प्रत्येक तालुक्याची ओळ त्याच्या गावांइतकीच ठेवता येते. पटवाऱ्याच्या वेगवेगळ्या जाडीच्या वह्यांप्रमाणेच ही व्यवस्था आहे.

या निर्णयास विरोधही झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या जावा ग्रँडे फोरमने वैज्ञानिक गणनेसाठी सलग व आयताकृती ॲरेची मागणी केली. ॲरेंच्या ॲरेत प्रत्येक ओळीची लांबी वेगळी तपासावी लागते आणि दोन ओळींचे संदर्भ एकाच जागेकडे असू शकतात, त्यामुळे संकलकास गणना वेगवान करणे अवघड जाते, असा या मागणीमागील युक्तिवाद होता. त्यासाठी जावाच्या प्रमाणीकरण प्रक्रियेत स्वतंत्र प्रस्तावही मांडण्यात आला, परंतु पुढे तो मागे घेण्यात आला.

मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये जाहीर केलेल्या आणि आंदेर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या सी शार्प भाषेने या वादातून मध्यममार्ग काढला. तिच्यात आयताकृती ॲरे आणि असमान ओळींचा ॲरे हे दोन वेगळे प्रकार असून दोहोंची लेखनपद्धतीही वेगळी आहे. प्रोग्रॅमरला आपल्या माहितीचा आकार कोणता, हे आरंभीच ठरवावे लागते. पायथन भाषेसाठी ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी विकसित केलेल्या नमपायची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ मध्ये आली. तिने फोरट्रानचा सलग ठोकळा आणि ऑब्जेक्टची संकल्पना यांचा मेळ घातला. ठोकळा एकच, पण त्याचा आकार आणि प्रत्येक मितीतील पावलाचे अंतर ऑब्जेक्ट स्वतः जाणतो.

रिकामा रकाना आणि शून्य

आकाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न रिकाम्या घराचा आहे. जावात पूर्णांकांचा ॲरे निर्माण होताच त्याची सर्व घरे शून्याने भरली जातात. ऑब्जेक्टच्या संदर्भांचा ॲरे असेल तर घरांत शून्य नव्हे, तर नल असते, म्हणजे येथे काहीच नाही अशी स्पष्ट खूण असते. भाषेने हा भेद केला असला तरी वर्गात तो क्वचितच स्पष्ट होतो.

सिंचनक्षेत्राच्या स्तंभात शून्य याचा अर्थ, तलाव आहे पण त्याखाली भिजणारी जमीन नाही. रिकामा रकाना याचा अर्थ, मोजणी झालेली नाही. तिसरी शक्यता अशी की, त्या गावात तलावच नाही. पटवाऱ्याच्या कागदावर या तीन गोष्टी वेगळ्या दिसतात. रकाना कोरा राहतो, त्यात आडवी रेघ मारली जाते किंवा शून्य लिहिले जाते. पूर्णांकांच्या आयताकृती ॲरेत मात्र तिन्ही ठिकाणी एकच शून्य दिसते. समजा, चार तलावांपैकी तिघांखालील क्षेत्र १०, २० आणि ३० हेक्टर असून चौथ्याची मोजणी राहिली आहे. मोजलेल्या तलावांची सरासरी २० हेक्टर येते. न मोजलेल्या तलावाचे शून्य धरल्यास ती १५ हेक्टरवर घसरते. गणना अचूक, पण निष्कर्ष चुकीचा, अशी ही स्थिती असते. दुरुस्तीसाठी तलावांची निवड अशा सरासरीवरून होणार असेल तर त्याचे परिणाम प्रत्यक्ष शेतकऱ्याला भोगावे लागतात.

यावरील उपाय ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीतच आहे. गाव हा क्लास करावा, त्यात तलावांची स्वतंत्र यादी ठेवावी आणि प्रत्येक तलावाच्या क्षेत्राबरोबर मोजणी झाली किंवा नाही याचीही नोंद ठेवावी. ॲरे आत राहील, परंतु बाहेरून त्याला थेट हात लावता येणार नाही. सी शार्पच्या २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीत संख्येच्या घरातही नल ठेवण्याची सोय झाली, ती याच गरजेतून. वाजिब-उल-अर्जमधील हक्कांसाठी तर अशीच रचना आवश्यक ठरते. ठरीव स्तंभांच्या तक्त्यात ज्या रिवाजास स्तंभ नाही तो रिवाज नोंदलाच जात नाही, आणि न नोंदलेला हक्क सिद्ध करणे गावकऱ्यास कठीण जाते.

जिल्हाविभाजन आणि काळाची मिती

गोंदियाच्या संदर्भात काळाची मितीही विशेष विचार मागते. स्वतंत्र जिल्हा म्हणून गोंदियाची पहिली जनगणना २००१ ची होय. तीत लोकसंख्या १२,००,७०७ होती, तर २०११ मध्ये ती १३,२२,५०७ झाली. १९९१ च्या मूळ तक्त्यांत मात्र गोंदिया या नावाची जिल्ह्याची ओळच नाही. त्या वर्षाचे आकडे भंडारा जिल्ह्यातील संबंधित तालुके व गावे वेगळी काढून पुन्हा जुळवावे लागतात.

सलग ठोकळ्यात असे विभाजन करायचे झाल्यास संपूर्ण ॲरे नव्याने लिहावा लागतो. ॲरेंच्या ॲरेत बाहेरचा नवा ॲरे करून त्यात जुन्या ओळींचे संदर्भ ठेवले की काम भागते, ओळींना हात लावावा लागत नाही. तथापि यात एक धोका आहे. जावात द्विमितीय ॲरेची प्रत काढल्यास केवळ बाहेरच्या ॲरेची प्रत निघते, आतल्या ओळी सामाईकच राहतात. गोंदियाच्या प्रतीत केलेली दुरुस्ती नकळत भंडाऱ्याच्या जुन्या नोंदीतही उमटते. इतिहासाच्या साधनाच्या दृष्टीने हे गंभीर आहे, कारण १९९१ ची नोंद १९९१ मध्ये होती तशीच राहिली पाहिजे.

महाराष्ट्रात भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा आरंभ विदर्भातच झाला. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने देशातील ज्या आठ जिल्ह्यांत पथदर्शी प्रकल्प हाती घेतला त्यांत वर्धा जिल्हा होता. पुढे ही योजना सर्वत्र विस्तारली आणि २००८ पासून राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाचा भाग झाली. कागदाच्या दप्तरातील असमान ओळी संगणकात नेताना त्यांचा आकार जपणे हे या पिढीचे काम ठरले.

अध्यापनाच्या दृष्टीने

नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. सातबारा, तलाव आणि धानाची बांधी त्यांच्या परिचयाची असते. आठ तालुके व बारा महिने यांचा पर्जन्यतक्ता आयताकृती ॲरेसाठी आणि गावनिहाय तलावांची यादी असमान ओळींच्या ॲरेसाठी उदाहरण म्हणून घेता येईल.

पर्जन्यतक्त्याचे उदाहरण आणखी एक धडा देते. तालुका व महिना यांचे निर्देशांक चुकून उलट लिहिले गेल्यास जावा सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी त्वरित अपवाद देते, कारण आठ ओळींच्या ॲरेत ८ ते ११ क्रमांकांच्या ओळीच नाहीत. जानेवारी ते ऑगस्टसाठी मात्र कोणतीही सूचना न देता दुसऱ्याच घरातील आकडा हाती येतो. मर्यादा तपासणारी भाषा चूक पकडते, पण सर्व चुका पकडत नाही. मितीचा अर्थ प्रोग्रॅमरनेच जपावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, बहुमितीय ॲरेचा इतिहास हा सलग आयत आणि असमान ओळी या दोन आकारांमधील निवडीचा इतिहास आहे. फोरट्रानने वेगासाठी पहिला आकार निवडला, जावाने ऑब्जेक्टच्या एकसूत्रीपणासाठी दुसरा निवडला, तर सी शार्पने दोन्ही उपलब्ध करून दिले. यांपैकी कोणताही एक आकार सर्व ठिकाणी श्रेष्ठ ठरत नाही. पावसाच्या तक्त्यास आयत शोभतो, तलावांच्या यादीस असमान ओळीच हव्यात, आणि निस्तार हक्कांना या दोहोंपेक्षा अधिक मोकळी रचना लागते.

संगणकाचा विद्यार्थी उद्या एखाद्या कार्यालयात गावाच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहील तेव्हा त्याच्यासमोर पहिला प्रश्न माहितीच्या आकाराचा असेल. रिकाम्या रकान्यात त्याने शून्य लिहिले, तर मोजणी राहिलेला एखादा तलाव कोरडा ठरेल. हे भान त्याला वर्गातच मिळावे.